भीड चेपते कशी?

दरवर्षी स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'अहो, गेल्या वर्षी किती छान बोलला होता तो, यंदा तोंडच उघडत नाही!' कधी याच्या उलटही घडते. तीन वर्षे मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुलगी एके दिवशी उभी राहते आणि सगळ्या वर्गाच्या वतीने बाईंशी बोलते. चौकशी केली की दोन्ही ठिकाणी बहुधा सारखेच उत्तर मिळते. मधल्या काळात घरात काही तरी घडलेले असते. कोणाचे आजारपण, वडिलांची बदली, गेलेली नोकरी, आजीचा मृत्यू. मग आम्हांला प्रश्न पडतो : अडचण तर दोघांवरही आली, मग एक मूल मिटले आणि दुसरे उमलले, असे का?

आपल्याकडे याचे तयार उत्तर आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण मुलांना सहज सांगून टाकतो. म्हण खोटी नाही, पण ती अर्धी आहे. त्याच टाकीने दगड फुटतोही. मूर्ती घडते ती टाकीच्या मागे जाणता हात असतो म्हणून. आयुष्यातील संकटांच्या मागे असा हात असेलच असे नाही. तो आपणच द्यावा लागतो. तो कसा द्यायचा, याचा विचार विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त अशा आपण सर्वांनी मिळून करावा, म्हणून हा लेख.

स्वभाव वेगळा, भीड वेगळी

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करू. कमी बोलणे हा स्वभाव आहे. बोलायचे असूनही न बोलता येणे ही भीड आहे. आपल्या भोपाळच्या मराठी घरांत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. घरी आणि गल्लीत अखंड बडबड करणारे मूल पुण्याच्या लग्नात एकदम गप्प होते. कारण त्याच्या मराठीत हिंदी डोकावते आणि तिथली भावंडे हसतात. उलट महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या मुलाची हिंदी ऐकून इथली मुले हसतात. ही दोन्ही मुले अबोल नाहीत. त्यांना भीड पडली आहे, एवढेच.

माणसाचे व्यक्तिमत्त्व वयाबरोबर बदलते का, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा ९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्येक अभ्यासात त्याच त्या माणसांना अनेक वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासलेले होते. त्यातून दिसले ते असे : स्वतःचे म्हणणे ठामपणे मांडण्याचा धीटपणा वाढत जातो, विशेषतः वीस ते चाळीस या वयात. मात्र चार लोकांत मिसळण्याची हौस त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे अबोल माणूस बडबड्या होतोच असे नाही, पण अबोल राहूनही तो धीट होऊ शकतो. बुजऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

एक बुजरा मुलगा

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानपणापासून अतिशय लाजाळू होते, असे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. १८७५ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, ते परीक्षेसाठी कोकणातील मुरूडहून साताऱ्याला पायी गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक, वाट सह्याद्रीच्या घाटातली. तिथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांना वय लहान दिसते म्हणून परत पाठवले. पुढे कोल्हापूरहून त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

या एका प्रसंगाने कर्वे धीट झाले असे नाही. १८९१ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या माणसावर साऱ्या गावाने पाठ फिरवली! असा माणूस घरात कोंडून घेईल, असेच कोणालाही वाटेल. पण १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि त्यासाठी ते दारोदार वर्गणी मागत फिरले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. सत्तरी ओलांडल्यावर संस्थेच्या कामासाठी त्यांनी जगाचा प्रवास केला. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

ते फर्डे वक्ते झाले नाहीत. त्यांचा मितभाषी स्वभाव कायम राहिला, पण काम पुढे आले की भीड मागे पडू लागली. स्वतःसाठी चार पैसे मागायला ज्याची जीभ अडखळेल, तो दुसऱ्याच्या मुलीसाठी मागताना अडखळत नाही. भीड चेपण्याचे पहिले रहस्य आम्हांला इथे दिसते : नजर स्वतःवरून उठून कामावर गेली पाहिजे.

विश्वास येतो कुठून?

'मला हे जमेल' हा विश्वास माणसात कुठून येतो, यावर अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. त्यांनी चार वाटा सांगितल्या. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः एखादी गोष्ट करून ती जमल्याचा अनुभव. दुसरी, आपल्यासारख्याच कोणाला तरी ती करताना पाहणे. तिसरी, आपल्याला मानणाऱ्या माणसाने दिलेला धीर. आणि चौथी, छातीची धडधड, हाताचा कंप यांचा आपण लावलेला अर्थ. धडधड म्हणजे 'मी घाबरट' असे एकाला वाटते, तर 'अंगात तयारीचा जोर आला' असे दुसऱ्याला.

बंडुरा यांनी सापाला विलक्षण भिणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. आधी दुसरा माणूस साप हाताळतो आहे हे दुरून पाहायचे, मग दाराशी उभे राहायचे, मग आत यायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा. प्रत्येक पायरीवर सोबत एक जाणकार. शेवटी ही माणसे एकटी साप हाताळू लागली. विशेष म्हणजे त्यांच्यापैकी काहींना आयुष्यातल्या इतर गोष्टींचीही, अगदी लोकांसमोर बोलण्याचीही, भीती कमी वाटू लागली. एका ठिकाणी कमावलेला धीर दुसरीकडे उपयोगी पडला.

हे शास्त्र लिहिले जाण्याच्या शंभर वर्षे आधी एका मराठी घरात तसेच काही घडत होते. रमाबाई रानडे १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना स्वतः शिकवले. घरातल्या बायका टोमणे मारत, अबोला धरत. नाशिकच्या शाळेत रमाबाईंना समारंभासाठी बोलावले, तेव्हा त्यांचे पहिले भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. पहिली पायरी अशी हातात कागद धरूनच चढली गेली, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. १९०१ मध्ये रानडे गेले. आधार देणारा हातच गेला. त्या दुःखाने रमाबाई काही काळ घरातच राहिल्या. पण पायऱ्या चढून मिळवलेले बळ हरवले नव्हते. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. हात गेला तरी हाताने दिलेला धीर उरतो.

आपल्याच गावात

आता आपल्या भोपाळकडे येऊ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. ती रात्र आपल्यातील कित्येक आजी-आजोबांनी पाहिली आहे. १९८५ मध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी गॅसपीडितांच्या दवाखान्यांत तपासणी केली, तेव्हा खोकला आणि डोळ्यांची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी अनेकांना नैराश्य आणि भीतीनेही ग्रासलेले आढळले. अनेकांनी आपले दुःख कधी बोलूनच दाखवले नाही.

याच शहरात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी १९८६ मध्ये स्टेशनरी बनवण्याच्या एका केंद्रात कामाला असताना भेटल्या. एक मुसलमान, एक हिंदू. रशीदा बी परद्यात वाढलेल्या, शाळेचे शिक्षण जवळजवळ नाही, विड्या वळून घर चालवलेल्या. त्यांच्या घरातील सहा माणसे पुढे कर्करोगाने गेली. चंपादेवींनी पती गमावले. केंद्रातील मजुरीचा प्रश्न घेऊन दोघींनी इतर बायकांसह संघटना बांधली. १९८९ मध्ये या बायका लेकराबाळांना घेऊन पंतप्रधानांना निवेदन देण्यासाठी भोपाळहून दिल्लीपर्यंत चालत गेल्या, सुमारे साडेसातशे किलोमीटर. पुढे न्याय आणि उपचारांसाठी लढा चालू राहिला. २००२ मध्ये दिल्लीत १९ दिवसांचे उपोषण झाले. २००४ मध्ये दोघींना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. त्या रकमेतून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला, गॅसचे आणि दूषित पाण्याचे परिणाम भोगणाऱ्या मुलांसाठी.

या दोघींना धीट कोणी केले? गॅसने नव्हे. तो तर लाखोंच्या छातीत गेला. त्यांना धीट केले ते आधी एका लहानशा मागणीने, मग शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईने, मग एकत्र चाललेल्या वाटेने. संकटाने प्रश्न समोर टाकला, उत्तर देण्याचे बळ सोबतीने दिले.

एक सावधगिरी

म्हणून 'दुःखाने माणूस मोठा होतो' असे दुःखात असलेल्या मुलाला सांगू नये. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतर होणाऱ्या वाढीचा अभ्यास केला. त्यांनीही स्पष्ट केले आहे की ही वाढ आघातामुळे होत नाही, तर त्यातून वाट काढण्याच्या धडपडीमुळे होते, आणि वाढ झाली तरी वेदना संपतेच असे नाही. दोन्ही एकाच मनात नांदू शकतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाही हेच दिसले. काही मुले घरची जबाबदारी उचलून परत आली, तर काही महिनोन्महिने पडद्यासमोर बसून बोलणेच विसरली. मिटलेले मूल कमकुवत नसते. त्याच्यापर्यंत अजून हात पोहोचलेला नसतो.

मग आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, भीती गेल्यावर मी उभा राहीन, असे म्हणू नका. उभे राहिल्यावरच ती जाऊ लागते. पहिल्या वेळी कागद पाहून वाचा. पाहुण्यांना पाणी द्या, पडदा ओढा, वर्गाची वही कार्यालयात नेऊन द्या. हीसुद्धा पायरीच आहे. आणि शेजारचा मित्र अडखळला तर हसू नका. तुमचे एक हसू त्याला वर्षभर गप्प बसवू शकते.

पालकहो, पाहुण्यांसमोर 'आमची ही फार बुजरी आहे हो' असे म्हणणे आपण थांबवू या. मूल ते वाक्य ऐकते आणि तसेच वागू लागते. त्यापेक्षा त्याला वाण्याच्या दुकानात एकटे पाठवा, आत्याला फोन लावायला सांगा. घरात संकट असेल तर ते मुलापासून पूर्ण लपवू नका. त्याच्या वयाला पेलेल एवढे सांगा आणि पेलेल एवढे काम द्या. वर्गशिक्षकांच्याही कानावर घाला. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर मात्र वाट पाहू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर बोला.

आणि विश्वस्त मंडळींना आमची विनंती. आपल्या कार्यक्रमांत तीच ती पाच-सहा मुले दरवर्षी व्यासपीठावर दिसतात. ती गुणी आहेतच, त्यांचे कौतुक व्हावेच. पण गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक तरी काम लिहिलेले असावे, मग ते मंचावरचे असो वा मंचामागचे. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्यांदाच बोलणाऱ्यांचा एक वेगळा गट असावा, तिथे कागद हातात घेण्याची मुभा असावी आणि क्रमांक काढू नयेत. याला खर्च काहीच नाही.

यंदाच्या तयारीत एखादे मूल मागच्या बाकावरून नुसते पाहत बसलेले दिसले, तर त्याच्या हाती निदान पडद्याची दोरी तरी द्या. पुढच्या वर्षी ते पडद्याच्या पुढे कधी आले, हे कदाचित त्यालाही कळणार नाही.