मोबाईलच्या लहरी आणि स्टिकरचा धंदा

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की आरोग्याच्याही चार गोष्टी निघतात. परवा धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी मोबाईल पुढे केला. पाठीवर सोनेरी स्टिकर. "भाऊ, दारावर आलेल्या माणसाने दोनशे रुपये घेतले. याने रेडिएशन थांबते, कॅन्सर होत नाही म्हणाला. खरे का?"

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते, ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. तेच इथे करू.

मोबाईल टॉवरशी बोलतो तो रेडिओ लहरींनी. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतील डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. म्हणून शरीर किती ऊर्जा शोषते त्यावर मर्यादा घातली जाते. या मापाला 'एसएआर' म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. डायलवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबा. बहुतेक फोनवर त्या फोनचा आकडा दिसतो.

मग कॅन्सरचे काय? २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. पुरावा अपुरा, पण शंका पूर्ण फिटलेली नाही, असा त्याचा अर्थ. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. पुढे २०२४ मध्ये त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही.

आता स्टिकर. त्याने लहरी खरोखर अडवल्या असत्या, तर फोनच लागला नसता. थोड्या अडवल्या, तर टॉवर गाठायला फोन उलट जास्त जोर लावतो. दोन्हीकडून पैसे पाण्यात.

काळजी घ्यायचीच असेल तर ती फुकट आहे. लांब बोलायचे असेल तर स्पीकर किंवा इअरफोन लावा. फोन डोक्यापासून दूर गेला की शोषली जाणारी ऊर्जा झपाट्याने घटते. लिफ्टमध्ये, तळघरात, रेंजची एकच कांडी असताना बोलणे आवरते घ्या, कारण तेव्हा फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. मुलांच्या उशाखालचा फोन काढा. त्यांची झोप तो रोज मोडतो. आणि गाडी चालवताना फोन उचलू नका. मोबाईलमुळे जीव जातात ते तिथे, हे मात्र ऐकीव नाही.

डोके सतत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर टॉवरला दोष देऊन थांबू नका. सरकारी दवाखान्यात रक्तदाब, डोळे, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्या वस्तीत खरा आजार बहुधा तिथे सापडतो.

ताईंनी स्टिकर तिथेच खरवडून काढला. पुढच्या वेळी दारावर कोणी आले, तर पैसे काढण्याआधी एकच विचारा : "पुरावा काय?"

जय भीम!