डीव्हीआरची साक्ष

(नागपूर आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका दुकानातील नोकराचे वकीलपत्र मी घेतले होते. गल्ल्यातून नोटांचे पुडके काढल्याचा त्याच्यावर आरोप होता. दुकानात कॅमेरा होता. मालक न्यायालयात ठणकावून सांगत होते, "साहेब, व्हिडिओ आहे ना!" व्हिडिओ होता खरा, पण तो कॅमेऱ्याचा नव्हता. डीव्हीआरच्या पडद्यासमोर मोबाइल धरून मालकांच्या मुलाने ते चित्रण केले होते. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे, तेही मधूनच सुरू होणारे. मूळ चित्रण मागितले तेव्हा कळले की त्या डीव्हीआरची डिस्क पंधरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवे चढत जाते. पोलिसांनी तो ताब्यात घेतला तिसऱ्या आठवड्यात.

मोबाइल, संगणक, कॅमेरा यांत साठलेली माहिती धक्का न लावता बाहेर काढायची आणि ती मूळचीच आहे हे न्यायालयाला पटवून द्यायचे, या शास्त्राला डिजिटल फॉरेन्सिक म्हणतात. यातला पहिला भाग लोकांना जादूसारखा वाटतो. पुसलेली फाइल परत येते कशी? सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेत नाहीसे होत नाही. संगणकही बहुतेक वेळा नुसती नोंद खोडतो. नवा माणूस नांगर घालीपर्यंत जुन्या पऱ्हाटीची धसकटे शेतात असतातच, तज्ज्ञ ती वेचतो. मात्र आजच्या मोबाइलमध्ये माहिती कुलूपबंद असते आणि नांगरही आपोआप फिरतो. तेव्हा पुसलेले सगळे परत मिळते, ही समजूत सोडून द्यावी.

दुसरा भाग नीरस आहे, पण माझ्या अनुभवात खटले तिथेच अडतात. डिस्क हाती आली की तिच्यावर नवे काही लिहिले जाणार नाही अशी सोय करून तिची हुबेहूब प्रत काढतात. तपास करायचा तो प्रतीवर. त्याच वेळी साऱ्या माहितीवरून गणिताने एक संकेतांक काढतात, त्याला 'हॅश' म्हणतात. एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी हा अंक पार वेगळा येतो. जप्तीच्या दिवशीचा आणि न्यायालयातला हॅश जुळला, तर मधल्या काळात माहिती बदललेली नाही असे म्हणता येते.

जप्तीच्या आधी काय घडले, ते मात्र हॅश सांगत नाही. आपल्या नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना एल्गार परिषद प्रकरणात २०१८ मध्ये अटक झाली. बचाव पक्षाच्या वतीने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्यांच्या डिस्कची प्रत तपासली. संगणकात बाहेरून घुसखोरी करून कागदपत्रे पेरली गेली, असा अहवाल तिने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने आर्सेनलचे निष्कर्ष मान्य केले नाहीत. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण माणसाचे स्वातंत्र्य डिस्कवरच्या नोंदींवर कसे टांगलेले राहते, हे आपल्याच गावच्या प्रकरणात दिसले.

कायदा या वाटेवर अडखळतच आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० मध्ये पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले. संगणकातून काढलेल्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवे, असे ते कलम सांगे. ते सक्तीचे की ऐच्छिक, यावर न्यायालयांतही एकवाक्यता नव्हती. हा घोळ मिटला तो जालन्याच्या निवडणुकीमुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, अशी तक्रार पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी केली. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण पुराव्यात आले, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की प्रमाणपत्र सक्तीचेच आहे. मात्र ते दुसऱ्याच्या हाती असेल आणि प्रयत्न करूनही मिळत नसेल, तर अशक्य गोष्टीसाठी पक्षकाराला अडवता येणार नाही. खोतकरांची निवड रद्द करणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. आता प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो आणि तज्ज्ञाचीही सही लागते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. ही व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षे दिली आहेत. मालकाच्या गल्ल्यातून नोकराने केलेली चोरीही त्यात बसते बरे का! एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर संकुलाचे भूमिपूजन मे २०२५ मध्ये झाले आहे.

इतवारीचा तो खटला मी जिंकलो. मोबाइलवरचे चित्रण टिकले नाही, नोकर सुटला. आता तो अमरावतीला नातेवाइकाच्या दुकानात आहे, दर दिवाळीला फोन करतो. पुडके त्याने घेतले होते की नाही, हे मी त्याला कधी विचारले नाही. ज्या डिस्कवर ते होते, तिच्यावर पुढच्या पंधरा दिवसांतली गिऱ्हाइके येऊन बसली.