पाणबुडीतील अनुभवी हात

पाणबुडीचा विचार मनात आला, म्हणजे डोळ्यांपुढे प्रथम तिचा कप्तान उभा राहतो. पेरिस्कोपमधून शत्रूचे जहाज न्याहाळणारा आणि टॉर्पेडो सोडण्याची आज्ञा देणारा तोच. परंतु ती आज्ञा अमलात यावयाची, तर यंत्रे सुरळीत हवीत, सुकाणू हाती हवे आणि टॉर्पेडो सज्ज हवेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश पाणबुड्यांवर हा भार मुख्यतः वॉरंट ऑफिसर व पेटी ऑफिसर यांनी उचलला.

नौदलातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना राजाची सनद मिळत असे. वॉरंट ऑफिसरला नौदल खात्याचे अधिकारपत्र, म्हणजेच ‘वॉरंट’, मिळे. तो साधा खलाशी किंवा कारागीर म्हणून भरती होई, एकेक पायरी चढे आणि आपल्या कामात वर्षानुवर्षे मुरल्यावर या पदास पोहोचे. त्याच्या खालची पायरी पेटी ऑफिसरची. पाणबुडीत जागा थोडी व माणसेही मोजकी. म्हणून मोठ्या जहाजावर वॉरंट ऑफिसरने पाहावयाची कामे तेथे पुष्कळदा ज्येष्ठ पेटी ऑफिसरच सांभाळीत.

त्यांच्यापैकी एकास कॉक्सन म्हणत. पाणबुडी पाण्याखाली असताना तिला योग्य खोलीवर ठेवणारी आडवी सुकाणी असतात. हल्ल्याच्या वेळी ती फिरविण्याचे काम कॉक्सन करी. शिधा वाटणे, शिस्त राखणे आणि डॉक्टर नसल्यामुळे औषधपाणी करणे, हेही त्याच्याकडेच असे. यंत्रांचा प्रमुख कारागीर डिझेल इंजिने व पंप यांची निगा राखी, तर दुसरा एक ज्येष्ठ पेटी ऑफिसर टॉर्पेडोंची. समुद्राच्या पोटात काही बिघडले, तर बाहेरून मदत येणे शक्य नसे. जवळची हत्यारे आणि अंगचे कौशल्य यांवरच सर्वांचे प्राण अवलंबून असत.

१९४२ च्या फेब्रुवारीत ‘थ्रॅशर’ या पाणबुडीवर क्रीट बेटाजवळ शत्रूने बाँबहल्ला केला. रात्री ती पृष्ठभागावर आली, तेव्हा न फुटलेले २ बाँब तिच्यावर अडकलेले आढळले. लेफ्टनंट पीटर रॉबर्ट्स व पेटी ऑफिसर टॉमस गूल्ड हे दोघे ते काढण्यास आपण होऊन पुढे झाले. पहिला बाँब त्यांनी समुद्रात सोडला. दुसरा मात्र बाहेरील आवरणाच्या आत, सरपटत जावे लागेल अशा अरुंद जागी होता. गूल्डने उताणे पडून तो उराशी धरला आणि रॉबर्ट्सने त्याला खांद्यांना धरून इंचाइंचाने ओढले. बाँब हलला, की आतून स्प्रिंग तुटल्यासारखा आवाज येई. तशात शत्रू दिसताच पाणबुडीस बुडी मारावी लागणार होती, आणि तसे झाल्यास दोघेही बुडून मेले असते. सुमारे ४० मिनिटांनी तो बाँबही समुद्रात गेला. त्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले.

रॉबर्ट्स सनदी अधिकारी होता, गूल्ड खालून पायऱ्या चढत आलेला खलाशी. त्या अंधाऱ्या जागेत मात्र एकाचे प्राण दुसऱ्याच्या हाती होते. हुद्द्याचा मान मोठा खरा. परंतु संकटाच्या वेळी जहाज तरते ते आपले काम नेमके जाणणाऱ्या स्थिर हातांमुळे.