परभाषेतील विज्ञान आणि विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास

विज्ञानाच्या तासाला एखादा विद्यार्थी महिनोन्महिने तोंड उघडत नाही. शिक्षक त्याची गणना मंद मुलांत करतात, आणि याहून अनिष्ट गोष्ट ही की, काही काळाने तो मुलगाही स्वतःविषयी तसेच मानू लागतो. त्यास विषय कळत नाही की विषयाची भाषा कळत नाही, याचा निवाडा मात्र बहुधा कोणी केलेलाच नसतो.

सेमी-इंग्रजी वर्गांत विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकविले जाते. त्यामुळे हा प्रश्न आता खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचला आहे. परंतु तो केवळ इंग्रजीचा नव्हे. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा सातपुड्यातील भिली बोलणाऱ्या बालकास मराठी हीच दुसरी भाषा होय. कोरकू ही मुंडा कुळातील, गोंडी ही द्राविड कुळातील. त्यांची घडण मराठीहून निराळी. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द त्या बालकास ‘फोटोसिंथेसिस’इतकाच परका वाटतो. (मराठी घरातील मुलासही तो फारसा जवळचा नसतो. संस्कृत परिभाषा म्हणजेच मातृभाषा, हा समज सोयीचा असला तरी खरा नव्हे.)

मूल शिक्षकांशी त्या भाषेत बोलू लागले, म्हणजे भाषा आली असे समजले जाते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली संभाषणाची भाषा व अभ्यासाची भाषा यांत भेद दाखविला. पहिली साधारणतः दोन वर्षांत येते; दुसरीस पाच ते सात वर्षे लागतात. या मधल्या काळात विज्ञान शिकणाऱ्या मुलावर दुहेरी ओझे असते. वाक्याचा अर्थ लावण्यातच त्याचे बरेचसे लक्ष खर्ची पडते व कल्पनेसाठी थोडेच उरते. यात अडचण पारिभाषिक शब्दांचीच असते असे नाही. ‘डेन्सिटी’ शिक्षक फळ्यावर लिहून समजावितात, पण प्रश्नातील ‘व्हेअरॅज’ किंवा ‘अनलेस’ कोणी समजावीत नाही. आणि अट नेमकी त्याच शब्दात दडलेली असते. व्यवहारात एका अर्थी व विज्ञानात दुसऱ्या अर्थी येणारे शब्दही फसवितात. पाण्याने भरलेली बादली हातात धरून स्थिर उभ्या राहिलेल्या मनुष्याने बादलीवर ‘कार्य’ केले नाही, हे मराठीतही मुलास पटविणे कठीण जाते. मग ‘वर्क’ म्हणून ते सांगितले तर तो वाद घालण्याचेही धैर्य करीत नाही, निमूटपणे व्याख्या पाठ करतो. वाद न घालणे हीच येथे खरी हानी आहे.

हाँगकाँगमधील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील ५६ माध्यमिक शाळांतील १२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास हर्बर्ट मार्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचे इंग्रजी काहीसे सुधारले. पण इतिहास, भूगोल व विज्ञान या विषयांत ती बरीच मागे पडली. गणितातील हानी त्या मानाने अल्प होती. तेथील दुसऱ्या एका अभ्यासात, इंग्रजीतून शिकणारी मुले मुळात अधिक गुणवान असूनही अमूर्त संकल्पना समजणे, जवळच्या संज्ञांतील भेद ओळखणे व शिकलेले नव्या प्रसंगी वापरणे यांत कमी पडत असल्याचे दिसले. मार्श प्रभृतींनी पुढे असेही दाखविले की, स्वतःविषयीचा विश्वास व संपादन ही एकमेकांस वाढवितात किंवा खाली ओढतात. मलेशियाने २००३ पासून विज्ञान व गणित इंग्रजीतून सुरू केले. २००९ साली ते धोरण मागे घेण्याचा निर्णय जाहीर झाला व २०१२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

यावरून पालकांची इंग्रजीची ओढ अनाठायी ठरत नाही. इंग्रजी यावी ही त्यांची इच्छा रास्त आहे. ती विज्ञानाच्या तासाला, विज्ञानाच्या किमतीवर यावी काय, एवढाच प्रश्न आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्येही माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे असे म्हटले आहे. परंतु माध्यम ठरविणे सहसा वर्गशिक्षकाच्या हाती नसते. तास कसा घ्यावयाचा हे असते.

प्रयोग चालू असताना मुलांस आपसांत घरच्या बोलीत बोलू द्यावे. ‘गप्प बसा’ म्हणण्याची घाई करू नये, कारण विचार त्या बोलण्यातच आकार घेत असतो. पाठ्यपुस्तकातील संज्ञा आधी सांगून मग वस्तू दाखविण्यापेक्षा, ओले धोतर ढगाळ दिवशी उशिरा का वाळते याची चर्चा प्रथम व्हावी आणि ‘बाष्पीभवन’ किंवा ‘इव्हॅपोरेशन’ हा शब्द शेवटी यावा. प्रश्न विचारल्यावर थांबणेही तितकेच महत्त्वाचे. अमेरिकेतील मेरी बड रो यांना आढळले की, शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद वा अधिक थांबल्यास उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मनात भाषांतर करणाऱ्या मुलास तर एवढा अवकाश हवाच.

लेखी उत्तरात कल्पना बरोबर असेल, तर शुद्धलेखनासाठी विज्ञानाचे गुण कापू नयेत. चाचणीत फार कमी गुण मिळालेल्या मुलास तोच प्रश्न तोंडी व त्याच्या बोलीत विचारावा. शिक्षकास ती बोली येत नसल्यास वर्गातील दुभाषी मुलाचे साहाय्य घ्यावे, उत्तर आकृतीने किंवा कृतीने दाखविण्याची मुभा द्यावी, आणि नोंदवहीत दोन्ही गुण शेजारी शेजारी लिहावेत.