सबमिट दाबलं तरी फॉर्म पुढे का जात नाही? अडचण न दिसणाऱ्या रकान्यात असू शकते

प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. रात्रीचे पावणेबारा वाजलेत. प्रवर्गाच्या यादीत तुम्ही आधी चुकून 'ओबीसी' निवडलं, मग बदलून 'ओपन' केलं. सगळं भरून सबमिट दाबलं, तर काहीच होत नाही. लाल अक्षरात चूक दाखवत नाही, पानही पुढे सरकत नाही. नेट तर चालू आहे. मग अडलंय कुठे?

फॉर्म स्वतःला बदलतो कसा?

कागदी फॉर्मवर सगळे रकाने सगळ्यांसाठी छापलेले असायचे. जे आपल्याला लागू नाही तिथे आपण आडवी रेघ मारायचो. ऑनलाइन फॉर्ममध्ये ही रेघ वेबसाइटच मारते. 'ओबीसी' निवडलं की जात प्रमाणपत्रासोबत नॉन-क्रिमी लेयरचा रकाना उघडतो. 'एससी' निवडलं तर जात प्रमाणपत्र मागितलं जातं, पण नॉन-क्रिमी लेयर नाही, कारण ती अट तिथे लागूच होत नाही. जिल्हा 'कोल्हापूर' निवडला की तालुक्याच्या यादीत करवीर, पन्हाळा, शिरोळ असे १२ तालुकेच दिसतात.

हे काम बहुतेक वेळा जावास्क्रिप्ट करते. ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. तुम्ही पर्याय बदलला की ब्राउझरला ते कळतं आणि आधी लिहून ठेवलेला नियम चालतो: अमुक निवडलं तर हा रकाना दाखव, नाहीतर लपव.

रकान्यांसोबत नियमही बदलतात

पॅन क्रमांकाचं उदाहरण घ्या. त्यात १० अक्षरं-अंक असतात आणि चौथं अक्षर पॅन कुणाचा आहे ते सांगतं. व्यक्तीचा असेल तर 'पी', कंपनीचा असेल तर 'सी'. त्यामुळे 'अर्जदार कोण?' या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर देता, त्यावर तोच क्रमांक बरोबर की चूक हे ठरू शकतं.

मग गाडी अडते कुठे?

अडचण येते ती उत्तर मध्येच बदलल्यावर. 'ओबीसी' निवडल्यावर नॉन-क्रिमी लेयरचा रकाना उघडला आणि तो 'भरणं आवश्यक' झाला. 'ओपन' केल्यावर तो लपला, पण 'आवश्यक' हा शिक्का काढायचं फॉर्म बनवणारा विसरला. आता ब्राउझर म्हणतो, रकाना रिकामा आहे, फॉर्म पाठवणार नाही. पण सूचना दाखवायची तर त्या रकान्याजवळ, आणि तो रकानाच पडद्यावर नाही! म्हणून तुम्हाला काहीच दिसत नाही.

याच्या उलटही घडतं. रकाना नुसता लपवला म्हणून त्यात लिहिलेलं पुसलं जात नाही. आधी भरलेला प्रमाणपत्र क्रमांक 'ओपन'च्या अर्जासोबत गुपचूप पाठवला जाऊ शकतो. अर्जात एक आणि माहितीत दुसरंच, असा घोळ मग पडताळणीच्या वेळी समोर येतो.

सर्व्हर काय करतो?

ब्राउझरमधली तपासणी ही फक्त आपली सोय असते. थोडी तांत्रिक माहिती असलेला कुणीही ती बंद करू शकतो. म्हणून चांगली वेबसाइट तेच सगळे नियम सर्व्हरवर पुन्हा तपासते. शिवाय ब्राउझरला फक्त साचा कळतो. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर लगेच पकडता येतो. पण तो आधार तुमचाच आहे का, हे सर्व्हरने मूळ नोंदीशी ताडून पाहिल्यावरच कळतं.

आपण काय करायचं?

- प्रवर्ग, जिल्हा, अर्जदाराचा प्रकार असे प्रश्न आधी नक्की करा, बाकीचं नंतर भरा.
- असा एखादा पर्याय बदलला तर त्याखालचे सगळे रकाने पुन्हा तपासा.
- सबमिट होत नसेल तर ड्राफ्ट सेव्ह करा, पान रिफ्रेश करा आणि योग्य पर्याय पहिल्यांदाच निवडा.
- तरीही जमलं नाही तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून हेल्पलाइनला मेल करा.
- शेवटचा प्रिव्ह्यू ओळ न् ओळ वाचा. तुम्ही काय निवडलं यापेक्षा फॉर्मने काय नोंदवलं, हे तिथे दिसतं.

आणि हो, हे सगळं करायला वेळ लागतो. म्हणून फॉर्म पावणेबारापर्यंत ठेवू नका.