फळमाशीच्या डोळ्यांचा आकार आणि जनुकीय बदल

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी बारीक माशी म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. (आंब्याच्या बागेत नुकसान करणारी फळमाशी वेगळ्या कुळातील आहे.) तिचा प्रत्येक डोळा संयुक्त असून तो सुमारे ७५० ते ८०० नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेत, म्हणजेच ओमॅटिडियममध्ये, आठ प्रकाशग्राही पेशी असतात. मात्र सर्व जातींच्या फळमाश्यांचे डोळे सारखे नसतात. एकाच जातीच्या वेगवेगळ्या वाणांतही फरक दिसतो. हा फरक कोठून येतो?

मोठ्या डोळ्याचे दोन मार्ग

डोळा दोन प्रकारे मोठा होऊ शकतो. नेत्रिकांची संख्या वाढली तर दृश्याचे बारकावे अधिक टिपता येतात. प्रत्येक नेत्रिका रुंद झाली तर तिच्यात अधिक प्रकाश शिरतो आणि मंद उजेडात दिसणे सुधारते. बाहेरून दोन्ही डोळे मोठेच दिसतात, पण त्यांमागील विकासप्रक्रिया वेगळ्या असतात.

आयलेस जनुकाचा पेच

आयलेस या जनुकाच्या उत्परिवर्तनामुळे डोळा लहान होतो किंवा अजिबात तयार होत नाही, हे १९१५ पासून माहीत आहे. १९९५ मध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या बाझल येथील प्रयोगशाळेने हे जनुक माशीच्या पायांत व पंखांत कार्यान्वित केले, तेव्हा तेथे डोळे उगवले! माणसातील पॅक्स६ हे याच जनुकाचे समकक्ष रूप. त्याची एक प्रत निकामी झाली तरी बुबुळाचा विकास अपुरा राहतो.

येथे एक पेच निर्माण होतो. इतक्या महत्त्वाच्या जनुकाचे प्रथिन बदलले तर जीवाचे नुकसानच होण्याची शक्यता जास्त. मग उत्क्रांती अशा जनुकाचा उपयोग कसा करते?

उत्तर नियामक क्षेत्रात

जनुकाजवळच्या डीएनएचा काही भाग प्रथिन बनवत नाही. जनुक केव्हा, कोठे आणि किती कार्य करेल हे तो ठरवतो. हेच नियामक क्षेत्र. तेथील बदलाने प्रथिन तसेच राहते, फक्त त्याच्या वापराचे वेळापत्रक बदलते.

अळीच्या शरीरात पेशींची एक चकती असते. तिच्यापासून पुढे डोळा, शृंगिका आणि डोक्याचे बाह्य आवरण तयार होते. आयलेस प्रथम या संपूर्ण चकतीत कार्यरत असते. नंतर शृंगिकेच्या भागातून ते मागे हटते. कट नावाचे प्रथिन त्याला दाबून ठेवते. हे वेळापत्रक थोडे सरकले की डोळा आणि शृंगिका यांच्यातील सीमाही सरकते.

बासेम हसन यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की कट प्रथिन जेथे जोडले जाते, त्या जागेतील डीएनएचे एकच अक्षर नैसर्गिकरीत्या वेगळे असू शकते, आणि तेवढा बदल आयलेसचे वेळापत्रक व डोळ्याचा आकार बदलण्यास पुरेसा आहे. पेशींचा साठा सामाईक असल्याने डोळ्याचा वाटा वाढला की इतर अवयवांचा घटतो. शृंगिका हे गंध ओळखण्याचे इंद्रिय आहे. म्हणजे हा दृष्टी आणि गंध यांच्यातील सौदा ठरतो.

दुसरे उदाहरण

मॉरिशस बेटावरील ड्रोसोफिला मॉरिशियाना हिचे डोळे जवळच्या सिम्युलन्स या जातीपेक्षा मोठे असतात, प्रामुख्याने रुंद नेत्रिकांमुळे. या दोन जातींच्या संकरातून प्रजननक्षम माद्या मिळतात, त्यामुळे कारणीभूत जनुके गुणसूत्रांवर शोधता येतात. नेत्रिकांच्या आकारातील या फरकाशी एक्स गुणसूत्राचा एक भाग निगडित आढळला. तेथील ऑर्थोडेंटिकल या जनुकाची अभिव्यक्ती मॉरिशियानामध्ये लवकर सुरू होते.

दोन्ही उदाहरणांतील पुराव्याचे स्वरूप मात्र सारखे नाही. ऑर्थोडेंटिकलबाबत संबंध दिसतो. आयलेसबाबत एका अक्षराचा परिणाम थेट सिद्ध झाला आहे. उत्क्रांतीविषयीचे कोणतेही विधान वाचताना हा भेद तपासून पाहा.

लक्षात ठेवा: उत्परिवर्तन केवळ विविधता पुरवते. मोठा डोळा टिकेल की नाही, हे त्या परिसरात पाहणे अधिक उपयोगी आहे की हुंगणे, यावर अवलंबून असते.

विचार करा
१. प्रथिनातील बदलापेक्षा नियामक क्षेत्रातील बदल कमी घातक का ठरू शकतो?
२. दोन माश्यांचे डोळे सारखेच मोठे आहेत. त्यामागील कारण एकच आहे का, हे कसे तपासाल?