इबुका, मासारू
(११ एप्रिल १९०८–१९ डिसेंबर १९९७). जपानी अभियंते, संशोधक व उद्योजक. आकिओ मोरिता यांच्यासमवेत त्यांनी स्थापन केलेली कंपनी पुढे ‘सोनी’ या नावाने जगप्रसिद्ध झाली. फीत ध्वनिमुद्रक, ट्रँझिस्टर रेडिओ व रंगीत दूरचित्रवाणी संच या तिन्ही क्षेत्रांत प्रयोगशाळेतील शोधांना नित्य वापराच्या वस्तूंचे रूप देण्याच्या कार्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत.

इबुका यांचा जन्म जपानमधील निक्को येथे झाला. वडिलांचे लवकर निधन झाल्यामुळे बालपणीचा काही काळ त्यांनी आजोबांकडे काढला. टोकिओच्या वासेदा विद्यापीठातून त्यांनी १९३३ मध्ये अभियांत्रिकीची पदवी संपादन केली. विद्यार्थिदशेत त्यांनी निऑन दिव्याच्या प्रकाशात विद्युत् संकेतानुसार बदल घडवून आणणारी प्रयुक्ती तयार केली होती. तीस पॅरिस येथील प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. पदवीनंतर त्यांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाशी व फिल्म-प्रक्रियेशी संबंधित असलेल्या एका प्रयोगशाळेत नोकरी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी संशोधनाच्या एका समितीवर काम करीत असताना त्यांचा नौदलातील तरुण अधिकारी मोरिता यांच्याशी परिचय झाला.

युद्ध संपताच १९४५ मध्ये इबुका यांनी टोकिओतील निहोनबाशी भागात, बाँबवर्षावाने हानी झालेल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. वृत्तपत्रातील माहिती वाचून मोरिता त्यांना येऊन मिळाले. ७ मे १९४६ रोजी १,९०,००० येन भांडवलावर व सुमारे वीस सहकाऱ्यांसह ‘टोकिओ त्सुशिन कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली. तंत्रज्ञांना मोकळेपणाने व आनंदाने काम करता येईल असा आदर्श कारखाना उभारणे, हा हेतू इबुका यांनी स्थापनापत्रकात नमूद केला होता. आरंभीच्या काळात बनविलेले भात शिजविण्याचे विद्युत् पात्र मात्र अपयशी ठरले. त्यात भात एकतर कच्चा राही किंवा करपे.

जपानमधील पहिला फीत ध्वनिमुद्रक कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणला. प्लॅस्टिकची फीत उपलब्ध नसल्याने कागदी पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडाचा लेप द्यावा लागे. सुरुवातीला ही भुकटी चक्क तव्यावर भाजून तयार केली जात असे. यंत्र अवजड व महाग असल्यामुळे त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे न्यायालये व शाळा यांच्याकडून मागणी येऊ लागल्यावर कंपनीची आर्थिक स्थिती सावरली. १९५० मध्येच इबुका कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी ट्रँझिस्टरनिर्मितीचे परवाने देऊ इच्छिते, असे इबुका यांना समजले. शुल्क २५,००० डॉलर होते. मोरिता यांनी १९५३ मध्ये करार केला. तथापि परकीय चलनाची टंचाई असल्याने इतक्या लहान कंपनीस परवानगी देण्यास सरकारी खाते नाखूष होते व संमती मिळण्यास विलंब लागला. त्या काळी ट्रँझिस्टरचा मुख्य ग्राहकोपयोगी वापर श्रवणयंत्रात होत असे, कारण रेडिओ-तरंगांच्या उच्च कंप्रतेस तो पुरा पडत नसे. इबुका यांनी मात्र रेडिओ हेच उद्दिष्ट ठरविले. कंपनीच्या संशोधकांनी जर्मेनियमात फॉस्फरस हे अशुद्धिद्रव्य मिसळून उच्च कंप्रतेस उपयुक्त ट्रँझिस्टर तयार केले. आरंभी त्यांपैकी बहुतेक सदोष निघत. तरीही इबुका यांनी उत्पादन थांबविले नाही. १९५५ मध्ये जपानमधील पहिला ट्रँझिस्टर रेडिओ विक्रीस आला. जगातील पहिला मान अमेरिकेतील रीजन्सी या रेडिओस आदल्याच वर्षी मिळाला होता. ट्रँझिस्टरांतील दोषांचा शोध घेत असतानाच कंपनीतील लिओ एसाकी यांना १९५७ मध्ये अर्धसंवाहकातील सुरंग परिणाम आढळला. या कार्यासाठी १९७३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. जानेवारी १९५८ मध्ये कंपनीने ‘सोनी’ हे नाव धारण केले. ‘ध्वनी’ या अर्थाच्या ‘सोनस’ या लॅटिन शब्दावरून व ‘सनी’ (बाळ) या इंग्रजी संबोधनावरून ते बनविले आहे.

रंगीत दूरचित्रवाणीच्या बाबतीत इबुका यांचा आग्रह कंपनीस जवळजवळ बुडविणारा ठरला. इतर उत्पादक वापरीत असलेल्या छिद्रयुक्त पडद्याच्या नलिकेत बरेच इलेक्ट्रॉन पडद्याआड अडून चित्र मंद दिसे. म्हणून त्यांनी क्रोमॅट्रॉन या अमेरिकन नलिकेची निवड केली. तिचे चित्र तेजस्वी असले, तरी उत्पादन अत्यंत अवघड होते आणि प्रत्येक संचाचा खर्च विक्रीच्या किंमतीहून अधिक येई. अखेर इबुका यांनी संशोधनाची सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. त्यातून १९६८ मध्ये ट्रिनिट्रॉन नलिका निर्माण झाली. तीत तीन स्वतंत्र इलेक्ट्रॉन-प्रक्षेपकांऐवजी तीन शलाका देणारा एकच प्रक्षेपक आणि गोल छिद्रांऐवजी उभ्या फटींची जाळी होती. त्यामुळे चित्र अधिक उजळ मिळू लागले.

इबुका १९७१ मध्ये कार्याध्यक्ष व १९७६ मध्ये सन्माननीय कार्याध्यक्ष झाले. विमानप्रवासात संगीत ऐकता यावे म्हणून त्यांनी मागवून घेतलेल्या लहानशा संचातून १९७९ मध्ये ‘वॉकमन’ हे उत्पादन साकार झाले. बालशिक्षण हा त्यांच्या आस्थेचा दुसरा विषय होता. शैशवातील शिक्षणाच्या अभ्यासासाठी त्यांनी १९६९ मध्ये एक संस्था स्थापन केली आणि शिक्षणास बालवाडीच्याही आधी प्रारंभ व्हावा, असे प्रतिपादन करणारे पुस्तक १९७१ मध्ये लिहिले. १९९२ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान दिला.

अमेरिकेतील इलेक्ट्रॉनीय उद्योगास संरक्षण खात्याच्या मागणीचा मोठा आधार होता. युद्धोत्तर जपानमध्ये तो नसल्याने सामान्य ग्राहक हाच इबुका यांचा आश्रयदाता ठरला. आधी वस्तू कशी हवी ते ठरवावयाचे आणि मग तिच्यासाठी तंत्र शोधावयाचे, ही त्यांची पद्धत होती. ती नेहमीच यशस्वी झाली नाही; परंतु परकीय शोधावर पुढील संशोधन करून त्याची उपयुक्तता वाढविता येते, हे तिने सिद्ध केले. टोकिओ येथे त्यांचे निधन झाले.